कृषिमंत्री कोण निवडतो?

२४ ऑक्टोबर २०१९. विधानसभेची मतमोजणी संपत आली होती आणि अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी मतदारसंघातून बातमी आली : राज्याचे कृषिमंत्री डॉ. अनिल बोंडे हरले. स्वाभिमानी पक्षाचे तरुण उमेदवार देवेंद्र भुयार निवडून आले. बोंडे यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली होती १६ जूनला. पेरणीच्या तोंडावर खाते हाती आले आणि सोयाबीनची सोंगणी पुरी उरकण्याआधी आमदारकी गेली.

मोर्शी-वरुड हा संत्र्याचा पट्टा. सातपुड्याच्या पायथ्याची ही जमीन, विहिरी-बोअरच्या पाण्यावर उभ्या असलेल्या बागा, आणि पाण्याचा उपसा इतका की भूजलाच्या सरकारी नोंदींत हा भाग अतिशोषित म्हणून ओळखला जातो. २०१९ च्या उन्हाळ्यात इथल्या बागा वाळल्या. ज्यांना परवडले त्यांनी टँकरने पाणी आणून झाडे जगवली. ज्यांना परवडले नाही त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे गेली. या पराभवाला केवळ संत्राच कारणीभूत होता असे म्हणणे घाईचे होईल. निवडणुकीत जात असते, पक्ष असतो, गावागावांतले गट असतात. पण त्या निकालात एक गोष्ट स्वच्छ दिसते. राज्यभरच्या शेतकऱ्यांचा मंत्री घरी जाणार की राहणार, हे एका मतदारसंघाने ठरवले. उरलेल्या २८७ मतदारसंघांतल्या शेतकऱ्यांना त्यांना आणतानाही कोणी विचारले नव्हते आणि जातानाही नाही.

पुढचे काही आठवडे तर फारच कठीण गेले. ऑक्टोबर सरता सरता आणि नोव्हेंबरच्या आरंभी परतीचा पाऊस थांबेना. वावरात लावलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, शेंगांतून कोंब फुटले, बोंडातला कापूस काळा पडला. मुंबईत मात्र सरकार बनत नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि राज्याला कृषिमंत्रीच उरला नाही. खरिपाच्या पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, ही मदत अखेर राज्यपालांनी जाहीर केली.

म्हणून या प्रकरणाचा प्रश्न साधा आहे. ज्याच्या सहीवर बियाण्याचे परवाने, खताचे वाटप, पीक विम्याचे नियम आणि कृषी विद्यापीठाचा कारभार चालतो, तो माणूस निवडतो कोण?

सर्वच ठिकाणी उत्तर एक नाही. अमेरिकेतल्या बारा राज्यांत शेती खात्याचा प्रमुख थेट लोकांच्या मतांनी निवडला जातो. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, आयोवा, केंटकी, नॉर्थ डकोटा ही त्यांतली काही. राज्यपालासाठी एक मत, आणि कृषी आयुक्तासाठी त्याच मतपत्रिकेवर वेगळे मत. उमेदवार राज्यभर हिंडतो, सभा घेतो, गुरांच्या बाजारात आणि जत्रांत लोकांना भेटतो, आणि केवळ शेतीवर बोलून मते मागतो. खातेही रुंद असते. टेक्सासमध्ये वजनकाटे बरोबर आहेत का हे पाहणे याच खात्याचे काम. २०१८ मध्ये फ्लोरिडात निकी फ्राइड या पदावर निवडून आल्या तेव्हा ऐंशी लाखांहून अधिक मतांत त्यांचे मताधिक्य सात हजारांच्याही आत होते.

ही पद्धत निर्दोष आहे असे नाही. राज्यभर प्रचार करायचा तर पैसा लागतो, आणि ज्यांच्यावर खात्याने नजर ठेवायची त्यांच्याकडूनच तो येऊ शकतो. शिवाय पद शिडी बनते. टेक्सासमध्ये १९९० साली रिक पेरी यांनी छोट्या शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या जिम हायटॉवर यांना हरवून हे पद मिळवले, आणि दशकभरात ते राज्यपाल झाले. तरी एक गोष्ट तिथे घडते, जी आपल्याकडे घडत नाही : चार वर्षांतून एकदा शेतीचा म्हणून स्वतंत्र हिशेब चव्हाट्यावर मांडावा लागतो.

आपल्या घटनेने संसदीय रीत घेतली. अनुच्छेद १६४ प्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल मंत्री नेमतात, आणि कोणाला कोणते खाते हे मुख्यमंत्री ठरवतात. मंत्री विधानसभेचा असावा असेही नाही. विधान परिषदेचा चालतो, आणि कोणत्याच सभागृहाचा नसला तरी सहा महिने चालतो. खामगावचे पांडुरंग फुंडकर अकोल्यातून १९८९, १९९१ आणि १९९६ अशा तीन वेळा लोकसभेवर निवडून गेले होते. जुलै २०१६ मध्ये ते राज्याचे कृषिमंत्री झाले तेव्हा मात्र विधान परिषदेचे सदस्य होते. म्हणजे लोकांनी ज्या वेळी त्यांना थेट मते दिली तेव्हा हे खाते त्यांच्याकडे नव्हते, आणि खाते आले तेव्हा लोकांसमोर जाण्याची गरज नव्हती. दोष त्यांचा नाही. व्यवस्थाच तशी आहे.

*

हे पद जन्माला आले तेही अशाच दानासारखे. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली. पोलीस, महसूल, तिजोरी ही खाती गोऱ्या गव्हर्नराच्या हाती राहिली. शेती, शिक्षण, सहकार, आरोग्य ही 'सोपीव' खाती भारतीय मंत्र्यांना मिळाली. शेतीत सुधारणा मंत्र्याने करायची आणि त्यासाठी लागणारा पैसा मागायचा दुसऱ्याकडे. शेतसाराही दुसऱ्याच्या हाती. हा सांधा तेव्हाच निखळलेला होता, आणि पुढे पाहूच की तो आजही नीट बसलेला नाही.

वऱ्हाडाची स्थिती आणखी विचित्र. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा. १९०२ च्या कराराने तो इंग्रजांनी कायमच्या पट्ट्याने घेतला आणि १९०३ मध्ये कारभारापुरता मध्य प्रांताला जोडला. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हतेच. त्यामुळे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांतून जे निवडून येत त्यांना गव्हर्नर नंतर कायदेमंडळावर औपचारिकपणे 'नेमत' असे. मतदारही मोजके होते. ठरावीक शेतसारा किंवा प्राप्तिकर भरणाऱ्यांनाच मत होते. ज्याच्या मालकीचे वावर नाही, जो दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण करतो, त्याला शेतीखात्याच्या मंत्र्याबद्दल बोलण्याचा काडीचाही अधिकार नव्हता.

नागपूरच्या या कायदेमंडळाने १९२४ मध्ये एक विलक्षण गोष्ट केली. बहुमत स्वराज्य पक्षाचे होते. द्विदल पद्धत मोडायचीच या निर्धाराने त्यांनी मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपये ठरवला. मंत्री राजीनामा देऊन गेले आणि शेतीसकट सगळी सोपीव खाती गव्हर्नराकडे परतली. राजकीय डावपेच म्हणून हे धाडसी होते. पण खेड्यातल्या कास्तकाराच्या बाजूने पाहिले तर त्याचे खाते दोन पक्षांच्या ओढाताणीत पोरके झाले. त्यानंतरच्या शतकात हे अनेकदा घडले आहे.

अशा वेळी अमरावतीच्या सार्वजनिक जीवनात एक बॅरिस्टर आला.

पंजाबराव शामराव देशमुख यांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ चा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. घर शेतकऱ्याचे. पापळ, चांदूर रेल्वे, कारंजा, अमरावती, मग पुण्याचे फर्ग्युसन आणि तिथून १९२० मध्ये इंग्लंड. एडिंबरोची एम. ए., ग्रेज इनची बॅरिस्टरी, आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट. विषय वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास. १९२६ मध्ये परत आल्यावर हा माणूस नागपूरच्या कोर्टकचेरीभोवतीच रमला असता तर कोणाला नवल वाटले नसते. त्याने केले वेगळेच. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून तो सत्याग्रहात उतरला, त्याच वर्षी जातीबाहेर लग्न केले, शेतकरी संघ काढला, आणि त्याचे म्हणणे लोकांपर्यंत नेण्यासाठी 'महाराष्ट्र केसरी' हे पत्र चालवले.

१९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. या दोन वर्षांकडे चरित्रकार घाईने पाहतात, मला मात्र सगळ्या कारकिर्दीची किल्ली इथेच दिसते. पंजाबरावांनी शिक्षणासाठी कर वाढवला. प्राथमिक शाळा सक्तीच्या आणि जास्त गावांत व्हाव्यात असा आग्रह धरला, सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. निवडणुकीच्या राजकारणात कर वाढवून लोकप्रिय राहणे फार थोड्यांना जमते. त्यांना जमले, कारण पैसा कुठे जातो ते गावाला दिसत होते.

१९३० उजाडले. एप्रिलमध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहीहंड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडाने कायदा मोडला. समुद्र नसलेल्या मुलखाने पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचा असा उपयोग केला. १० जुलैला बापूजी अण्यांनी पुसदला जंगलातले गवत कापून अटक करून घेतली. काँग्रेसने कायदेमंडळावर बहिष्कार घातला होता. आणि त्याच वर्षी पंजाबराव निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले, आणि शिक्षण, शेती, सहकार अशा खात्यांचे मंत्री झाले. वय बत्तीस.

या निर्णयावर तेव्हा टीका झाली आणि आजही होऊ शकते. तुरुंगात गेलेल्यांच्या त्यागापुढे मंत्र्याची खुर्ची लहानच वाटते. पण पंजाबराव ज्या सत्यशोधकी वातावरणात वाढले तिथला प्रश्न वेगळा होता : स्वराज्य येईल तेव्हा येईल, तोवर कुणब्याच्या पोराला शाळा कोण देणार आणि सावकाराच्या कचाट्यातून त्याचे वावर कोण सोडवणार? मला हे उत्तर पटते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि वऱ्हाडाला दोन्हींची गरज होती.

मंत्री म्हणून त्यांच्या वाट्याला आला मंदीचा काळ. १९२९ नंतर जगभर भाव पडले आणि कापसावर उभे असलेले वऱ्हाड गडगडले. या मुलखाचे सुख-दुःख कापसाच्या भावाशी बांधलेले होते. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंज्याला १८८६ मध्ये देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा खास कायदा झाला होता. बाजार होता, जिनिंग होते, रेल्वे होती. नव्हता तो भाव. सारा मात्र तेवढाच, आणि व्याज चढते. जमिनी सावकारांच्या नावावर जाऊ लागल्या.

पंजाबरावांनी कर्ज लवादाचा आग्रह धरला तो या पार्श्वभूमीवर. १९३३ मध्ये मध्य प्रांतात कर्ज तडजोडीचा कायदा झाला. या कायद्याखाली नेमलेले मंडळ सावकार आणि कर्जदार यांना समोरासमोर बसवी, खरे मुद्दल किती आणि फुगवलेले व्याज किती हे तपाशी, आणि झेपेल अशा हप्त्यांची तडजोड घडवून आणी. देशात असा प्रयोग आधी कुठे झालेला नव्हता. इतर प्रांतांनी पुढे त्याचा कित्ता गिरवला. त्याआधी, १९३२ मध्ये, देवस्थानांची संपत्ती लोकोपयोगी कामाला यावी म्हणून त्यांनी विधेयक आणले. ते मंजूर झाले नाही. त्याच सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था अमरावतीत उभी राहिली. १९३३ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

तीन वर्षांचा हा हिशेब नीट पाहावा. शेतीमंत्र्याच्या कारकिर्दीत आपण सुधारित बियाणे आणि नवी अवजारे शोधतो. इथे दिसतात ते कर्ज, शाळा, वसतिगृह आणि देवळाची तिजोरी. पंजाबरावांच्या लेखी शेतीखाते म्हणजे पिकाचे खाते नव्हते, शेतकऱ्याचे होते. पिकाला पाणी लागते, शेतकऱ्याला पत लागते, आणि त्याच्या मुलाला वावराबाहेरचा रस्ता लागतो. हा फरक आजच्या खात्यातून पुसला गेला आहे, आणि माझ्या मते आजच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

*

स्वातंत्र्यानंतर अमरावतीने पंजाबरावांना १९५२, १९५७ आणि १९६२ अशा तिन्ही निवडणुकांत लोकसभेत पाठवले. पहिल्या खेपेला अमरावती अजून मध्य प्रदेशात होती आणि राजधानी होती नागपूर. नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे शेतीचा भार आला. त्यांना देशाचे पहिले कृषिमंत्री म्हणण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती दुरुस्त केली पाहिजे, कारण त्यांच्या मोठेपणाला त्या बिरुदाची गरज नाही. त्यांच्याआधी राजेंद्रप्रसाद, जयरामदास दौलतराम आणि क. मा. मुनशी यांनी अन्न व शेती खाते सांभाळले होते. आणि १९५२ नंतरही त्या खात्याचे कॅबिनेट मंत्री क्रमाने रफी अहमद किदवई, अजितप्रसाद जैन आणि स. का. पाटील होते. पंजाबराव त्यांच्या जोडीला, शेतीची बाजू वाहणारे मंत्री.

म्हणजे खुर्ची दुसऱ्या रांगेतली. तरी दहा वर्षे तिथे टिकून त्यांनी जी गोष्ट केली ती मला सर्वांत दूरदृष्टीची वाटते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला : पक्षाबाहेरची, देशभरच्या शेतकऱ्यांची संघटना. अमरावतीच्या मतदारांनी त्यांना खासदार केले होते. पण पंजाबच्या गहू पिकवणाऱ्याने किंवा तंजावरच्या भातवाल्याने त्यांना मत दिले नव्हते. घटनेने शेतीमंत्र्याला जो मतदारसंघ दिला नाही तो त्यांनी बाहेर उभा केला. भाताच्या जपानी लागवड पद्धतीचा प्रसार १९५३ पासून झाला तो शेतकऱ्यापर्यंत थेट जाण्याच्या याच ध्यासातून. डिसेंबर १९५९ मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरले, त्याचे यजमानपद या कृषक समाजाकडे होते. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर त्याला आले. देशोदेशींचे मंडप होते, आणि आपल्या खेड्यांतले लोक रेल्वेने दिल्लीला जाऊन जगाची शेती पाहून आले.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. अमरावतीच्या जागेवर झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी विमलाबाई देशमुख लोकसभेवर गेल्या.

वऱ्हाडातून आणखी एक रस्ता निघाला, तो पुसदच्या गहुलीचा. वसंतराव नाईक यांनी वकिलीचे पहिले धडे अमरावतीत गिरवले, पुसदची नगरपालिका सांभाळली, १९५२ मध्ये आमदार झाले, आणि द्वैभाषिक मुंबई राज्यात शेतीखाते पाहिले. ५ डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ अशी सलग अकरा वर्षे ते मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार, १९७२ च्या दुष्काळातली रोजगार हमी, कापूस एकाधिकार खरेदी, आणि चार कृषी विद्यापीठे ही त्या काळाची देणगी. पहिले विद्यापीठ १९६८ मध्ये राहुरीला झाले. विदर्भाला आपले हवे म्हणून मोठे आंदोलन झाले, आणि २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात पंजाबरावांच्या नावाने कृषी विद्यापीठ उभे राहिले. १ जुलै हा नाईकांचा जन्मदिवस राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. या सगळ्याचा अर्थ एवढाच की मुख्यमंत्र्याच्या मनात शेती असेल तर शेतीखाते बळकट होते. नसेल तर कितीही भला मंत्री त्या खात्यात हतबल होतो.

*

आता आजच्या मंत्र्याच्या टेबलापाशी जाऊ.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत शेती हा राज्यांचा विषय आहे, दुसऱ्या सूचीतली चौदावी नोंद. पण कच्चा कापूस आणि सरकी यांचा व्यापार समवर्ती सूचीत आहे, आणि आयात-निर्यात पूर्णपणे केंद्राकडे. हमीभाव दिल्ली जाहीर करते. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि सोयाबीनला ५,३२८ रुपये, हे आकडे मुंबईत ठरलेले नाहीत. कापूस खरेदी करणारे भारतीय कापूस महामंडळ केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली आहे. बीटी कापसाच्या पाकिटाची कमाल किंमतसुद्धा २०१५ च्या आदेशापासून केंद्रच ठरवते. अकोल्याच्या बाजारात सोयाबीन हमीभावाखाली विकले गेले की शिव्या खातो तो राज्याचा कृषिमंत्री.

राज्यातही त्याच्या हाती सगळे नाही. धरणाचे पाणी जलसंपदा खात्याकडे, बाजार समित्या पणनकडे, पीककर्ज सहकार खात्याकडे आणि बँकांकडे, विजेचे वेळापत्रक ऊर्जा खात्याकडे. अतिवृष्टीचा पंचनामा करायला तलाठी येतो, तो महसुलाचा. मदतीचा निर्णय मदत व पुनर्वसन खात्याचा. कृषिमंत्र्याकडे उरतात बियाणे-खते-औषधांचे परवाने आणि तपासणी, पीक विमा, ठिबकापासून अवजारांपर्यंतची अनुदाने, आणि पुण्याच्या कृषी आयुक्तालयापासून अमरावतीच्या विभागीय सहसंचालकामार्गे गावच्या कृषी सहायकापर्यंत पोचणारी माणसांची साखळी. आणि हो, चारही कृषी विद्यापीठांचा तो प्रतिकुलपती असतो. अकोल्याच्या संशोधकांच्या रिक्त जागांबद्दल कोणाला जाब विचारायचा, याचे उत्तर इथे सापडते.

विभागलेली जबाबदारी माणसे कशी मारते हे २०१७ च्या खरिपात दिसले. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. शेजारच्या जिल्ह्यांतही बाधा झाली. औषधाची नोंदणी केंद्राच्या मंडळाकडे, दुकानाचा परवाना राज्याच्या कृषी खात्याकडे, उपचार आरोग्य खात्याकडे, आणि फवारणी करणाऱ्या मजुराच्या संरक्षणाचा प्रश्न कोणाकडेच नाही. पऱ्हाटी त्या वर्षी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता, हातमोजे आणि मुखवटा कोणाकडे नव्हता. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. डिसेंबरमध्ये माजी केंद्रीय मंत्री यशवंत सिन्हा अकोल्यात शेतकऱ्यांसोबत ठिय्या देऊन बसले. तेव्हाचे कृषिमंत्री फुंडकर वऱ्हाडातलेच होते, शेतकऱ्यांचे दुखणे त्यांना ठाऊक होते. पण खात्याच्या कुंपणापलीकडचे दोर त्यांच्या हाती नव्हते. ३१ मे २०१८ रोजी त्यांचे पदावर असतानाच निधन झाले. राज्याची फळबाग लागवड योजना त्यांच्या नावाने आहे.

त्यात भर पडते खांदेपालटाची. २०१४ च्या अखेरीपासून ऑगस्ट २०२५ पर्यंत हे खाते एकनाथ खडसे, पांडुरंग फुंडकर, चंद्रकांत पाटील, अनिल बोंडे, दादाजी भुसे, अब्दुल सत्तार, धनंजय मुंडे, माणिकराव कोकाटे आणि दत्तात्रय भरणे यांच्याकडे राहिले. अकरा वर्षांत नऊ नावे. संत्र्याचे कलम लावल्यापासून पुरते फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. तेवढ्या काळात एक मंत्री टिकत नसेल तर त्याने बागेचे धोरण कोणत्या भरवशावर आखायचे? पीक विम्याचेच पाहा : २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला आणि २०२५ मध्ये तो मागे घेतला गेला. योजना बरी की वाईट हा वाद वेगळा. दोन हंगामांत नियम बदलले की गावातला माणूस कागद जमवीतच राहतो.

मग अमेरिकेसारखी थेट निवडणूक आणावी का? मला वाटते, नको. मुख्यमंत्री एका विचाराचा, कृषी प्रमुख दुसऱ्या, आणि पाणी-वीज-महसूल तिसऱ्यांच्या हाती अशी स्थिती झाली तर आज जे निखळलेले आहे ते आणखी निखळेल. निवडून आलेल्या माणसालाही सोयाबीनचा भाव दिल्लीलाच मागावा लागेल. हवे आहे ते दुसरेच : पाणी, पत, बाजार आणि पीक यांवर एकत्र निर्णय घेणारा एक मंत्री, त्याला निदान तीन-चार वर्षांचा काळ, आणि निवडणुकीआधी प्रत्येक पक्षाने आपला कृषिमंत्री कोण हे जाहीर करणे. मुख्यमंत्रिपदाचा चेहरा जाहीर होतो. कृषिमंत्र्याचा कधी झाला?

तोवर वाचकाच्या हाती काहीच नाही असे समजू नका. शेतीचे एक पद आजही लोकांच्या अगदी जवळ आहे : जिल्हा परिषदेचा कृषी सभापती. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदेत कृषी समिती आहे, आणि तिचा सभापती तुम्ही निवडून दिलेले सदस्य निवडतात. पंजाबरावांनी सुरुवात केली ती याच पायरीपासून. तेव्हा अमरावतीत असो की अकोल्यात, गटातला उमेदवार मत मागायला येईल तेव्हा त्याला विचारा की कृषी समितीवर जाणार का, आणि गेल्या वर्षी त्या समितीने किती पैसा कोणत्या गावात खर्च केला. आमदार तालुक्याची आमसभा घेतो, तिथे कृषी सहायकांच्या किती जागा रिकाम्या आहेत ते विचारा. दर उन्हाळ्यात जिल्ह्याची खरीप आढावा बैठक पालकमंत्री घेतात. त्या बैठकीत बियाण्याची आणि खताची जी आकडेवारी मांडली जाते ती मागून घ्या आणि जुलैमध्ये दुकानात जाऊन पडताळा. आणि विधानसभेचा उमेदवार बांधावर येईल तेव्हा त्याचा पक्ष शेतीखाते कोणाला देणार आहे, हे नाव त्याच्याकडून वदवून घ्या.